चालत्या दुकानातलं खोदकाम

आमचे घरमालक खांबांवर रागवायचे. विजेचा खांब, दुकानाचं शटर, शेजाऱ्याची उभी मोटारसायकल, एकदा तर रस्त्याच्या कडेला रवंथ करत बसलेली गाय. धडक बसली की दोन पावलं मागे सरायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "काल इथं नोता हा." खांब बिचारा काय बोलणार? मग आजूबाजूला कोणी असेल तर त्याला ऐकवायचे, "या बिजलीवाल्याईले काई कामधंदा नाई. रोज खांब हलवतेत." गाईच्या वेळी मात्र त्यांनी बिजलीवाल्यांचं नाव घेतलं नव्हतं.

सगळी सिंदी मेघे त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. वर्ध्याला चिकटून असलेल्या या वस्तीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली पुढच्या खोलीत दुकान, मागे ते आणि काकू, आणि वरची खोली भाड्याने. दुकान मॅचिंगचं. साडीचा तुकडा मुठीत धरून बायका यायच्या आणि त्याच रंगाचं अस्तर, फॉल, ब्लाउजपीस नाहीतर रीळ घेऊन जायच्या. हिंगणघाटकडून, पार वडनेरहूनही लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून तिथे थांबत. काकाजींनी दिलेला रंग घरी नेऊन उन्हात धरला तरी साडीपासून वेगळा निघत नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती खरी होती.

मी मूळची नाशिककडची. वर्ध्याच्या एका दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात मला नोकरी लागली होती. काम संशोधनाचं. संशोधन करायचे डॉक्टर. एखादं नवं औषध किंवा नवी पद्धत रुग्णांवर वापरून खरंच फरक पडतो का, हे बघायचे. मी त्या रुग्णांना सगळं समजावून सांगायची, त्यांच्या सह्या घ्यायची, ठरल्या दिवशी बोलवायची आणि आले नाहीत तर फोन करून पिडायची. खोली बघायला गेले तेव्हा हे मी सविस्तर सांगितलं. काकाजींनी त्यातलं काही ऐकलं नाही. ते माझ्या ओढणीकडे बघत होते.

"हा रंग कोनता?"

"हिरवा," मी म्हटलं.

"हिरवा!" त्यांनी आत हाक मारली. "आयकलं काय वो? हिरवा म्हन्ते!" मग नापास पोराला समजवावं तसं मला म्हणाले, "हा भिजल्या वालाचा हाय. सुकल्या वालाचा दुसरा. खोली घे तू, पन या घरात नुसतं हिरवा नको म्हनू."

त्यांच्या बोलण्यात 'ळ' हे अक्षर नव्हतं. डोळ्याचा 'डोया' व्हायचा आणि काळ्याचा 'काया'. रंगांना मात्र त्यांच्याकडे एकेक स्वतंत्र नाव असे. दुसऱ्या दिवशीच्या वरणाचा. सरकारी खुर्चीचा. गुलाबीत तर 'सासूसमोरचा गुलाबी' आणि 'सासू गेल्यावरचा गुलाबी' असे दोन प्रकार होते, आणि गल्लीतल्या बायकांना त्यांतला फरक न सांगता कळायचा. मी डॉक्टर नाही हे मी त्यांना कितीदा सांगितलं, पण गिऱ्हाइकांसमोर ते मला डॉक्टरीणबाईच म्हणायचे. "पगार दवाखान्याचा खाते नं? मंग डॉक्टरीणच."

आता डोळ्यांच्या विभागात नोकरी करणारी बाई, आणि घरमालक खांबांना धडकतोय. मला पहिल्याच आठवड्यात शंका आली. धडक नेहमी डाव्या खांद्यालाच बसायची. बाहेर जाताना काकू नेहमी त्यांच्या डाव्या बाजूने चालायच्या, त्यांच्या कोपराला धरून. बघणाऱ्याला वाटे, बाईंना चालायला आधार लागतो. खरं तर त्या त्यांना वळवत असत. घरात खुर्ची कोणी इंचभर हलवली तरी काकू धावून येत. एकदा मीच जेवायला बसायचा पाट हलवला तर मला म्हणाल्या, "ते जिथलं तिथं ठेवजो बाई. त्याइले सवय हाय."

मी एकदा धीर करून म्हटलं, "काकाजी, एकदा डोळे दाखवून घ्या."

"माया डोयाले काय धाड भरली?" त्यांनी रस्त्यापलीकडून जाणाऱ्या एका बाईकडे बोट केलं. "ते पाय. तिच्या साडीचा पदर अन् ब्लाउज, सारखा वाटते नं? नाई. एका धुन्याचा फरक हाय. इतकं दिसते मले. तुले दिसते काय?"

मला साडीसुद्धा धड दिसत नव्हती.

शेवटी त्यांना दवाखान्यात आणलं ते काकूंनी. त्या एक दिवस सकाळपासून डोळे चोळत बसल्या. "लय चुरचुर करून राह्यले. मी एकटी नाई जात, तुमी चाला." काकाजी बायकोची सोबत म्हणून आले, नवं धोतर नेसून. आमच्या मॅडमनी, म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टरांनी, काकूंचे डोळे तपासले. ते ठणठणीत होते. मग मॅडम सहज म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचेही बघू." काकू छताकडे बघत बसल्या.

अक्षरांचा तक्ता काकाजींनी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. वर मॅडमना सांगितलं की शेवटच्या ओळीचा काळा वरच्या काळ्यापेक्षा निराळा आहे, दोन वेगळ्या शाया वापरल्या आहेत. मॅडमनी तक्त्याजवळ जाऊन दोन्ही ओळींवर बोट फिरवलं आणि परत आल्या.

मग दुसरी तपासणी. यात माणसाला एका पांढऱ्या गोल भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात. समोर एका ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला कुठे बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. डोळ्याला कडेकडेचं किती दिसतं, हे त्यातून कळतं. काकाजींनी बटण दाबायला सुरुवात केली ती थांबलेच नाहीत. उजेड असो नसो, टकटक टकटक.

"काकाजी, उजेड दिसल्यावर दाबायचं."

"गिऱ्हाइकानं आवाज देल्यावर उठाचं, असा धंदा नाई माया. मी पयलेच तयार राह्यतो."

यंत्राने कागदावर छापून दिलं की या रुग्णाच्या उत्तरांवर विश्वास ठेवू नये. मॅडमनी दम भरला, तपासणी पुन्हा झाली, आणि या वेळी खरं चित्र बाहेर आलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, मधोमध खिडकीएवढी जागा शिल्लक. उजव्या डोळ्याच्याही कडा कुरतडल्या जायला लागलेल्या.

मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या. "डोळ्यातला दाब वाढलाय. त्याने आतली नस मरते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळायची, एवढंच आपल्या हातात आहे. तुमचं सगळं दुकान आता उजव्या डोळ्यावर चाललंय."

"पन मले तं सगयं दिसते," काकाजी म्हणाले.

"हा रोग असाच. मधलं शेवटपर्यंत दिसतं. कडा हळूहळू चोरून नेतो, दुखत नाही, खुपत नाही."

"चोर हाय म्हना नं," काकाजी म्हणाले, आणि काकूंकडे वळले. "तुये डोये बरे हाय म्हन्ते. मंग सकायी काऊन चोयत होती?"

काकूंनी पदर डोक्यावर घेतला.

त्याच सुमारास मॅडमचा एक अभ्यास सुरू होता. काचबिंदूचे थेंब रोज आयुष्यभर टाकावे लागतात आणि लोक ते टाकत नाहीत, हे जगभरचं दुखणं आहे. म्हणून नव्या तऱ्हेची झाकणं आली होती. बाटलीचं झाकण उघडलं की त्यातली चिप माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला खबर द्यायची आणि पडद्यावर त्या रुग्णाच्या नावापुढे एक ठिपका उमटायचा. निम्म्या रुग्णांचं झाकण थेंबांची वेळ झाली की चिवचिवायचं, निम्म्यांचं मुकं असायचं. चिवचिवाटाने लोक जास्त नियमित होतात का, हे बघायचं होतं. कोणाला कोणतं झाकण हे कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा. त्यात ना मॅडमचं चाले ना माझं.

एरवी काकाजींनी थेंबांना हात लावला नसता. पण झाकण खबर देतं म्हटल्यावर ते सरसावून बसले. सगळ्या अटी दोनदा वाचून घेतल्या आणि सही केली. चिठ्ठीत त्यांना मुकं झाकण निघालं.

"मले मुकं काऊन?"

"कॉम्प्युटरने ठरवलं."

"त्याले म्हना, बदलून दे."

"नाही बदलता येत काकाजी. तोच तर नियम आहे."

ते बाटली घेऊन गेले, पण मुक्या झाकणाचा सल त्यांच्या मनात राहिला. पहिले काही दिवस त्यांच्या नावापुढे रात्रीच्या वेळी शहाण्या मुलासारखा एकेक ठिपका येत होता. मग एका दुपारी लागोपाठ तीन ठिपके आले. मी घाबरून काकूंना फोन लावला. फोन काकाजींनी उचलला.

"आले काय तीन? वा! आज पाटोडी केली तुया काकूनं. बाहेर जेवू नको म्हनून सांगाचं होतं."

"मग फोन करायचा ना काकाजी!"

"फोन काऊन? हे हाय नं. मिस कॉलवानी."

मुक्याला त्यांनी वाचा फोडली होती. सगळी भाषा बसवून टाकली. एकदा उघडलं तर औषध. दोनदा म्हणजे सुखरूप पोचलो. तीनदा म्हणजे पाटोडी. सटासट उघडझाप म्हणजे घरी पाहुणे आलेत, येताना दूध आण. मी रागावले, समजावलं, हात जोडले. ते म्हणायचे, "हाव हाव, आता नाई करत," आणि दुसऱ्या दिवशी तीन ठिपके. काकूंची पाटोडी, म्हणजे आमच्याकडची पाटवडी, उत्तम असायची, हेही इथे सांगायला हवं.

एकदा ते दोघं गिरडला गेले होते, टेकडीवरच्या दर्ग्याला. काकूंचा काहीतरी नवस होता. मी मॅडमना पडद्यावर सगळ्यांची हजेरी दाखवत होते, तेवढ्यात काकाजींच्या नावापुढे दोन ठिपके पडले. "पोचले," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोण पोचलं?" मॅडम म्हणाल्या.

मग सांगावंच लागलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ही औषधाची बाटली आहे की दारावरची बेल?" त्यांनी काकाजींना बोलावून असं काही झापलं की बाहेर रांगेत बसलेले रुग्णही ताठ झाले. सारखी उघडझाप केली तर औषधात घाण जाईल, डोळा पिकेल, हेही सांगितलं. काकाजी खाली मान घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मुक्याले बोलाले शिकवलं तं राग येते लोकाइले." पण त्या दिवसापासून रात्रीचा एकच ठिपका, अगदी वेळेवर. इतका वेळेवर की अभ्यासात त्यांच्याइतका नियमित रुग्ण दुसरा नव्हता.

आणि इथेच घोळ झाला. पुढच्या दोन्ही तपासण्यांना त्यांच्या डाव्या डोळ्याचा दाब छान उतरलेला आणि उजव्याचा जसाच्या तसा. एकच माणूस, एकच बाटली, एकच औषध. एका डोळ्याला लागू पडतंय, दुसऱ्याला नाही. मॅडम चक्रावल्या. यंत्र बिघडलं म्हणून दुसऱ्या यंत्रावर दाब मोजला, तेच. आमच्या अभ्यासाची आकडेमोड बघणारे एक साहेब नागपुरात होते. त्यांना तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "औषधाला एकाच डोळ्याचा प्रतिसाद! फार दुर्मीळ आहे हे. यावर वेगळा लेख होईल!" रक्तप्रवाह, नसांची ठेवण, झोपताना कुशीवर पडणारा भार, असे तर्क फोनवर सुरू झाले. काकाजी कोणत्या कुशीवर झोपतात हे विचारायला मला काकूंकडे पाठवलं. काकू म्हणाल्या, "ते घोरतेत त्या कुशीवर."

तर्क आणखी दोन-चार आठवडे चालले असते. एका संध्याकाळी पाटोडीचं भांडं परत द्यायला मी खाली गेले. काकाजी बाजेवर मान मागे टाकून बसले होते. हातात बाटली. डाव्या डोळ्यात एक थेंब टाकला, डोळा मिटला, उघडला. मग पुन्हा डाव्याच डोळ्यात दुसरा थेंब. झाकण लावलं आणि उशाखाली बाटली ठेवली.

"काकाजी, उजवा राहिला."

"उजव्याले काय झालं?"

"दोन्ही डोळ्यांत टाकायचंय ना? एकेक थेंब!"

"दोन थेंब सांगतले, दोन टाकले. एकही वाया नाई गेला." ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू मीच काही अडाणीपणाचं बोलले होते. "गुडघा दुखते तं दुखत्या गुडघ्याले तेल लावतेत का चांगल्याले? डाव्याले गरज हाय, डाव्याले देतो. उजवा चालू हाय माया. चालत्या दुकानात कोनी खोदकाम करते काय?"

मी आधी हसले. पोट दुखेपर्यंत हसले. झाकण, चिप, कॉम्प्युटर, नागपूरचे साहेब, सगळे मिळून बाटली उघडली का ते मोजत होते. थेंब कुठे पडतो ते कोणीच बघत नव्हतं. आणि मग एकदम हसू थांबलं, कारण मला भीती वाटली. त्यांच्याजवळ उरलेला डोळा तोच होता, आणि इतके महिने त्यात औषधाचा एक थेंब गेला नव्हता.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा नागपूरला फोन लावला. "साहेब, लेख राहू द्या." एवढंच बोलून ठेवला. मग काकाजींची ती बटणाची तपासणी पुन्हा केली. उजव्या डोळ्याच्या कडेचा काळोख पसरला होता. नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून तो आता मध्याकडे सरकायला लागला होता. मॅडम म्हणाल्या, "आजपासून थेंब दोन्हींत. पण उजव्याचं आता एवढ्यावर भागणार नाही. ऑपरेशन करावं लागेल. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला बारीक वाट करून द्यायची."

"मोरीवानी?"

"हो, मोरीसारखीच."

"मंग डाव्याची करा. जे गेलं त्याच्यावर काय चाकू चालवाचा तो चालवा. उजव्याले हात नाई लावू देनार मी."

"डाव्याचं करून काय उपयोग आहे?"

"अन् उजव्याचं करून बिघडलं तं?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "बिघडू शकतं. क्वचित होतं तसं. पण नाही केलं तर डोळा जाणार, हे नक्की."

काकाजी उठले. जाताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. चौकटीला ते काहीच बोलले नाहीत.

पुढे काही दिवस ते माझ्याशी बोलेनात. पाटोडी बंद. जिन्यावर भेट झाली तर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघायचे. माझ्या मॅडमनी त्यांच्या चालत्या दुकानाला कुलूप लावायचा घाट घातलाय, असं त्यांनी गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं. काकू एवढ्या गप्प बाई, पण त्या आठवड्यात एकदा त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला.

"इतके वर्स मी डावीकून चालली. आता उजवीकूनही चालू काय? मंग दोन बायका लागतीन तुमाले!"

खाली बराच वेळ शांतता होती. दुसरी बायको या मुद्द्यावर काकाजींनी गंभीरपणे विचार केला असावा, असं मला आजही वाटतं.

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. दुकानाच्या उंबऱ्यावर, जिथे ऊन थेट येतं, तिथे ते मांडी घालून बसले होते. समोर उजव्या डोळ्याच्या तपासणीचे दोन्ही कागद, पहिला आणि आत्ताचा. शेजारी रिळांचा डबा उघडा. त्या कागदावर डोळ्याच्या नजरेचा एक गोल नकाशा छापलेला असतो. जिथे चांगलं दिसतं तिथे पांढरा, जिथे कमी दिसतं तिथे करडा आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे काळा. मॅडमनी तो त्यांना समजावला होता तेव्हा त्यांनी कानाडोळा केला होता. आता ते एकेक रीळ उचलून कागदावरच्या करड्याशी लावून बघत होते.

"हे कागद एकाच मशीननं छापले काय?"

"हो."

"शाई तीच?"

"तीच असणार."

"मी पायलं. अक्षराचा काया दोन्हीवर सारखा हाय. म्हंजे छापनाऱ्यानं गडबड नाई केली." त्यांनी पहिल्या कागदावर, नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यात, एक रीळ ठेवलं. "हा पाय. कबुतरी." तेच रीळ दुसऱ्या कागदावर त्याच कोपऱ्यात नेलं. रंग जुळला नाही. मग डब्यातून दुसरं काढलं, तिसरं काढलं. तिसरं रीळ जुळलं. "उंदरी नाई, त्याच्याही पुढचा. हा तव्याचा. तव्याच्या खालच्या अंगाचा."

मॅडमनी हेच सांगितलं होतं, मी हेच सांगितलं होतं. पण आम्ही शब्दांत सांगितलं होतं आणि त्यांचा शब्दांवर कधीच भरवसा नव्हता. गिऱ्हाईक शपथेवर सांगे की साडी मोरपंखी आहे, तरी ते म्हणत, तुकडा दाखवा.

त्यांनी तिन्ही रिळं ओळीने उंबऱ्यावर मांडली आणि त्यांच्याकडे खूप वेळ बघत राहिले.

"रंग उतरत असते पोरी," ते म्हणाले. "इतक्या वर्सात मी उतरतानीच पायला. हा चढून राह्यला."

काकू आतून येऊन दारात उभ्या होत्या. काकाजींनी त्यांच्याकडे मान वळवली नाही, नुसतं विचारलं, "कधी करतो म्हन्ते ते मॅडम?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते दाखल झाले आणि आमच्या विभागाला त्यांनी हैराण केलं. ऑपरेशनच्या खोलीतल्या हिरव्या कपड्यांकडे बघून ते म्हणाले, या रंगाला नाव नाही, हा रंग कोणीतरी चुकून केला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, तुमच्या टोपीचं अस्तर कुठून आणलं. टेबलावर मात्र एकदम शांत झाले. मॅडमनी विचारलं, "घाबरलात का?" तर म्हणाले, "हाव." इतकं सरळ उत्तर त्यांनी मला आयुष्यात कधी दिलं नव्हतं.

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा धूसर दिसत होतं. तसं काही दिवस दिसतं, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, पण त्या दिवसांत घरात कोणाला घास गोड लागला नाही. दुकान बंद. काकाजी खिडकीशी बसून रिळांचा डबा मांडीवर घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. हळूहळू धूसरपणा विरला. दाब उतरला तो उतरलेलाच राहिला. पुढच्या तपासणीचा कागद त्यांनी माझ्या हातातून हिसकावून घेतला, उंबऱ्यावर नेला, तव्याचं रीळ लावलं. रंग तोच होता, पुढे सरकला नव्हता. गेलेलं काही परत आलं नव्हतं; ते येणारही नव्हतं. काकूंनी त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पाटोडी घातली.

आमच्या अभ्यासाचं पुढे काय झालं, असं कोणी विचारेल. नागपूरच्या साहेबांचं म्हणणं पडलं की हा रुग्ण काढून टाकावा. मॅडम म्हणाल्या, नियम म्हणजे नियम; एकदा चिठ्ठी निघाली की माणूस हिशेबात ठेवायचा, मग तो कसाही वागो. काकाजी हिशेबात राहिले. मात्र तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक रुग्णाला आमच्यासमोर थेंब टाकून दाखवावे लागतात. आणि तपासणीला आले की काकाजी रांगेतल्या लोकांना स्वतःहून शिकवतात, "पयला थेंब चांगल्या डोयात. पयले चालतं दुकान सांभाया." मॅडम ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

खांबांवर रागावणं मात्र बंद झालं. त्याऐवजी एक दिवस दुकानावर पाटी लागली. रंगाऱ्याला पिवळ्यासाठी चार वेळा परत पाठवलं होतं. पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं:

मालकाले डावीकून दिसत नाही.
गिऱ्हाइकानं उजवीकून बोलावं.
भाव कमी करा म्हणणाऱ्यानं डावीकून यावं.

सगळ्या सिंदी मेघेला जे वर्षानुवर्षं ठाऊक होतं आणि जे त्यांच्यासमोर उच्चारायची कोणाची छाती नव्हती, ते त्यांनी स्वतःच रंगवून घेऊन दारावर टांगलं. लोक पाटी बघायला यायचे. काही बायका मुद्दाम डावीकडे उभ्या राहून भाव करायच्या आणि काकाजी खरोखरच ढिम्म हलायचे नाहीत.

वर्षभराने मला दुसऱ्या गावी नोकरी लागली. सामान ऑटोत चढलं. काकूंच्या पाया पडले, त्यांनी डबा दिला, आम्ही दोघी रडलो. मग दुकानाशी गेले. काकाजी स्टुलावर बसून एका सुटलेल्या रिळाचा दोरा गुंडाळत होते. त्यांना माझा रडलेला चेहरा दिसू नये, म्हणून मी मुद्दाम डावीकडे उभी राहिले.

"निघते काकाजी," मी जमेल तेवढ्या साध्या आवाजात म्हटलं.

त्यांनी मान वळवली नाही. "तिकून भाव कमी नाई होत," ते म्हणाले.

मी हसले, पण हसण्याचा आवाज काही बरोबर निघाला नाही. काकाजींचा हात थांबला. त्यांनी रीळ खाली ठेवलं.

"इकून ये पोरी, उजवीकून," ते म्हणाले. "नीट पाहू दे."